अंगठ्याखालचं घर

डोळे मिटू नका. मननाला बसलं की डोळे आपोआप मिटतात, पण हे मनन उभ्याने करायचं आहे आणि डोळे उघडे ठेवून. पाय जमिनीवर नीट रोवा. खांदे सैल सोडा. घाई कसली नाही. आज जे काही हलणार आहे ते मिनिटाला दहाएक मीटरच्या वर हलणार नाही.

जागा खोपोलीची. पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं एखादं शेत मनात आणा. भात कापून झालं आहे, पेंढा रचून ठेवला आहे, पायाखाली खुंट कुरकुरतात. जमीन वरून वाळलेली दिसते, पण टाच दाबली की अजून आत जाते. पूर्वेला सह्याद्री उभा आहे, त्यात नागफणीचं टोक. या गावात दिवस उजाडतो तो आधी आभाळात. ऊन जमिनीवर यायला वेळ लागतो, कारण त्याला अख्खा घाट ओलांडून यावं लागतं. घाटातल्या ट्रकांची घरघर ऐकू येते. ती येऊ द्या. ती थांबावी अशी अपेक्षा खोपोलीत धरू नये.

समोर एक कॅराव्हॅन आहे. मोटारीमागे जोडून ओढायची, दोन चाकांची. आत पलंग, ओटा, कपाट, पाण्याची टाकी, म्हणजे घरच. वजन हजार-बाराशे किलो धरा. मोटारीने तिला शेताच्या तोंडाशी आणून सोडलं आणि मोटार बाजूला झाली. आता या घराला जायचं आहे पलीकडच्या आंब्याखाली, बांध आणि बुंधा यांच्यामधल्या बेताच्या जागेत. मोटारीने मागे रेटत तिथे न्यायचं म्हटलं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं आणि मागची गाडी उजवीकडे जावी, असा प्रकार. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून रिव्हर्स घेणाऱ्याला हे सांगायला नको. तो बिडी न काढता, मान वळवून, एका हाताने ते काम करतो. बाकीच्यांनी चार माणसं बोलवावीत, नाहीतर हातातला रिमोट नीट पाहावा.

हा रिमोट मोबाइलहून फार मोठा नाही. त्याच्यावर चार-सहा बटणं आणि गाडीचं एक छोटं चित्र आहे. गाडीखाली, दोन्ही चाकांपाशी, एकेक विजेची मोटर बसवलेली आहे. कॅराव्हॅनची स्वतःची बारा व्होल्टची बॅटरी त्या दोघींना पोसते. मोटारीने सोडलेली ही गाडी त्यांच्या बळावर पुढे, मागे आणि स्वतःभोवतीही फिरू शकते, आणि हे सगळं तुम्ही बाहेर, काही पावलांवर उभं राहून करायचं.

असं यंत्र खोपोलीत तुम्हाला सहसा दिसणार नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आपल्याकडे फिरतात त्या बहुतेक स्वतःचं इंजिन असलेल्या, बसच्या चुलत बहिणी. ओढायच्या कॅराव्हॅनचं आणि ती हलवणाऱ्या या मोटरींचं माहेर युरोप. तिकडे घरासमोरचा अरुंद उतार आणि कॅम्पिंगच्या मैदानावरची आखून दिलेली जागा यांनी या यंत्राची गरज निर्माण केली. मी ते मुद्दाम खोपोलीत आणून ठेवतोय, कारण जोर बदलायचा तो कसा, हे या गावाला जितकं कळतं तितकं फार थोड्या गावांना कळत असेल.

क्षणभर घाटाकडे पाहा. १८५६ मध्ये रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायाशी थबकली. वर, खंडाळ्याहून पुण्याकडची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधल्या चढावर रूळ नव्हता. तेव्हा प्रवासी इथे उतरायचे आणि पालखीत, तट्टावर किंवा खुर्चीत बसून माणसांच्या खांद्यांवरून वर जायचे. वाफेचा जोर संपला की माणसाचा सुरू, आणि वर गेल्यावर पुन्हा वाफेचा. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेला आणि खोपोली फाट्यावर राहिली. आजही कर्जतहून येणारी लोकल इथेच संपते. जोर बदलायचं काम मात्र सुटलं नाही, ते कर्जतला सरकलं. पुण्याकडे निघालेल्या गाडीला तिथे मागून बँकर इंजिनं लागतात. ती लागेपर्यंतच्या वेळात प्लॅटफॉर्मवर दिवाडकरांचा वडा खायचा, हा आपल्या लोकांनी या तांत्रिक थांब्याला दिलेला अर्थ.

तर मोटार सुटली आहे. जोर बदलायचा आहे. श्वास घ्या, सोडा, आणि गाडीपाशी वाका.

पहिल्यांदा हँडब्रेक. तो ओढलेला आहे ना, हे डोळ्यांनी नाही, हाताने पाहा. मग नाकाखालचं छोटं चाक: ते जमिनीला टेकलं आहे, गाडीचं तोंड त्याच्यावर उभं आहे. मोटारीशी जोडणारी वीजतार काढून घेतली आहे. कोपऱ्यांचे टेकू वर आहेत. आतली कपाटं बंद आहेत. एखादी बरणी ओट्यावर राहिली असेल तर ती आता खाली घ्या. यातलं काही वरवर उरकण्यासारखं नाही. मनन म्हणजे तरी काय, रोज सरावाने होतात त्या गोष्टी एकदा बिनसरावाने करून पाहणं.

आता बॅटरीची चावी फिरवा आणि रोलर टायरला लावा. हे जवळून, उकिडवं बसून बघण्यासारखं आहे. मोटरच्या टोकाला ॲल्युमिनियमचा खरबरीत रोलर आहे. तो हळूच सरकत टायरपाशी येतो, टेकतो, आणि मग थोडा आणखी सरकतो. रबर तिथे किंचित आत दबतं. टायरच्या खाचेत अडकलेला एक खडा कुरकुरतो. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा: तिथे चाक फिरे आणि त्याला टेकलेलं बोंड फिरून दिवा लागे. इथे सगळं उलटं आहे. बोंड फिरणार आणि त्याच्या फिरण्याने चाक, चाकाबरोबर आख्खं घर. एवढा सगळा कारभार त्या दबलेल्या बोटभर जागेवर चालतो. टायरमध्ये हवा कमी असली, चिखल लागला असला किंवा रबर ओलं असलं की रोलर नुसता घसरतो. मोटर कितीही दांडगी असो, धरायला काही नसेल तर तिचं बळ हवेत जातं. म्हणून तिथे बोट फिरवा. कोरडं आहे? हवा आहे? मग उठा.

हँडब्रेक सोडा. गाडी हलली नाही. रोलरांनी तिला धरून ठेवलं आहे.

आता कुठे उभं राहायचं? याला वेळ द्या, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. गाडीच्या तोंडासमोर उभे राहिलात तर तिचं डावं ते तुमचं उजवं. तुम्ही समजा डावीकडे न्यायला निघालात, तर गाडी तुमच्या उजव्या हाताकडे जाईल; तुम्ही चपापून बटण बदलाल, ती दुसरीकडे जाईल, आणि बांधाचे दोन दगड खाली येतील. यावर उपाय सोपा आहे. रिमोटवरच्या चित्रातलं नाक आणि शेतात उभ्या असलेल्या गाडीचं नाक एकाच दिशेला येईल असा रिमोट धरा. हात वळवावा लागला तर वळवा, स्वतः वळावं लागलं तर वळा. आपली दिशा गाडीवर लादायची नाही. तिच्या बाजूने उभं राहून, ती जिकडे बघते तिकडे बघायचं.

आणि दोन जागा वर्ज्य. गाडी आणि झाड यांच्यामध्ये उभं राहू नका, आणि गाडीच्या उताराकडे उभं राहू नका. दुरून चालवता येतं ते याच्यासाठीच की माणूस चेंगरू नये. जवळ जाऊन धक्का द्यायची आपली जी जुनी सवय आहे ती इथे आवरायची.

आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या क्लीनरने केलं आहे. घाटातल्या ढाब्यावर ट्रक मागे घेताना पाहा. ड्रायव्हरच्या हातात सगळं बळ, पण त्याला मागचं दिसत नाही. क्लीनर खाली उतरतो, पत्र्यावर थाप मारतो: येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस! त्या ‘बस’वर बारा टन थांबतात. थोडं वर गेलं की घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि मग त्याचाच जीव घेतला गेला, अशी कथा सांगतात. इतिहास म्हणून तिला किती धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. ट्रकवाले तिथे हात जोडतात आणि नाणं टाकतात हे मात्र कोणीही पाहून यावं. वाहनातल्या माणसाने वाहनाबाहेरच्या माणसाला केलेला नमस्कार आहे तो. तुम्ही आज दोन्ही आहात. बळही तुमच्याच अंगठ्याखाली आणि ‘येऊ दे’ म्हणणारेही तुम्हीच. ही सोय खरी, पण तिच्यात एक उणीव आहे: चुकलात तर पत्र्यावर थाप मारणारं दुसरं कोणी नाही. शक्य असेल तर पलीकडच्या कोपऱ्याशी घरचं कोणीतरी उभं करा. मुलाला म्हणा, “बाबा रे, बुंधा जवळ आला की ओरड.”

अंगठा टेकवा.

गाडी झटका न देता निघते. आवाज येतो तो गिरणीतल्या पट्ट्यासारखा मोठा नव्हे, नुसती गुणगुण आणि खुंट मोडल्याची करकर. चालत्या माणसाहून ती कितीतरी हळू जाते. आता श्वासाकडे लक्ष द्या. एक श्वास आत घेईपर्यंत ती साधारण हातभर पुढे गेली. बाहेर सोडेपर्यंत आणखी हातभर. आपल्याला वाटेल, इतकं हळू का? मला या यंत्रातलं हेच सर्वांत आवडतं. हजार किलोची वस्तू माणसाला विचार करायला वेळ देईल इतक्याच वेगाने हलली पाहिजे, असं कोणीतरी ठरवून ते त्याच्यात घातलं आहे. वेग वाढवायचं बटणच नाही. एक्सप्रेसवेवरून रोज जा-ये करणाऱ्याने तर हे औषध म्हणून घ्यावं.

वळण आलं. नाक डावीकडे न्यायचं आहे. अशा वेळी उजवं चाक चालतं आणि डावं थांबतं. बटण दाबणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, पण खाली वाकून पाहिलंत तर दिसेल: ज्या बाजूला जायचं ती बाजू स्वस्थ आहे, श्रम पलीकडची करते आहे. आणखी अरुंद जागा असली तर एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरतं, आणि घर जागच्या जागी स्वतःभोवती वळू लागतं. हे एकदा मनात नीट पाहा. खिडकी तुमच्यासमोरून सरकते. खिडकीतून आतला पलंग, मग घडी केलेली चादर, मग आरसा, आणि आरशात क्षणभर तुम्ही, हातात रिमोट. मग दार. मग मागची पाटी. घरात बसून घर कधी चारही बाजूंनी दिसत नाही. छपराच्या कडेला पडलेली ती चीर, दाराखालचा गंज, हे आज दिसलं. आता त्याचं काही करू नका. पाहिलं, एवढं पुरे.

इथे जमीन उताराला लागते. आंब्याकडे शेत किंचित खाली आहे.

अंगठा उचला. गाडी थांबली. पुन्हा टेकवा, चालली. उचला, थांबली. हे चार-पाच वेळा करा. या सबंध यंत्रातली खरी कारागिरी हीच आहे. चालण्यासाठी बटण दाबून धरावं लागतं. थांबण्यासाठी काही करावं लागत नाही, नुसतं सोडावं लागतं. रिमोट हातातून पडला, बॅटरी गेली, लहरी तुटल्या, तरी गाडीने थांबायचंच. बळ आपलं नाही, ते मोटरचं आहे. आपल्या वाट्याला आलेलं काम म्हणजे वेळेवर अंगठा उचलणं.

घाटातल्या रेल्वेने हे फार पूर्वी ओळखलं. तिथला चढ आहे सदतीस फुटांना एक फूट. आकडा ऐकून काही वाटत नाही; शंभरला पावणेतीन सुद्धा नाही. याच्या तिप्पट-चौपट चढ कॅराव्हॅन हलवणाऱ्या या छोट्या मोटरी, वजन बेताचं असेल तर, चढून जातात. पण लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर आणि मागे शेकडो टन, म्हटल्यावर तो आकडा काळजात धडकी भरवतो. म्हणून घाट उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग केलेली आहेत. तिथला सांधा मुळात मुख्य मार्गाला लावलेलाच नसतो. तो बाजूच्या, चढावर नेणाऱ्या फाट्याला लावलेला असतो. गाडीने आधी ठरलेल्या जागी थांबून दाखवायचं. थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे. मग सांधा बदलतो आणि खालची वाट मोकळी होते. नाही थांबली तर ती फाट्यावर जाऊन चढाला लागते आणि तिथे तिचा वेग मरतो. पुढे जायचा परवाना थांबता येण्यावर मिळतो, असा हा नियम. मला तो घाटातल्या सगळ्या बोगद्यांहून मोठा वाटतो.

मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनाचाही विचार करून पाहा. त्याच्या ड्रायव्हरपुढे शेवटच्या डब्याची पाठ असते. सिग्नल पुढच्याला दिसतो, बळ मागचा लावतो. दोघांमध्ये शिट्टीच्या ठरलेल्या खुणा. पुढचा थांबला आणि मागचा रेटतच राहिला तर काय होईल, याचा विचार आधी केलेला म्हणून गाडी लोणावळ्याला पोचते.

तर उतार. गाडीचं नाक उताराकडे असेल तर आपोआप पळण्याची भीती नाही. रोलर तिला धरून आहेत आणि उतारावरही ती त्याच चालीने चालेल. पण रोलर म्हणजे ब्रेक नव्हे. चाकाखालचं खुंट ओलं निघालं, रोलर घसरला, तर हाताशी लाकडी ठोकळा हवा. तो आताच चाकाच्या खालच्या अंगाला, दोन हातांवर टाकून ठेवा. खोपोलीत पाऊस कसा पडतो ते ज्याने पाहिलंय तो पावसाळ्यात या शेतात गाडी उतरवणारच नाही. आणि उतरवलीच, चाक रुतलं, तर अंगठा दाबून धरून उपयोग नाही. रोलर तेवढा टायर खरवडेल. फळ्या घाला, किंवा सरळ ट्रॅक्टरवाल्याला हाक मारा. तो हसेल, हसू द्या.

गाडी आंब्याजवळ येईतो थोडं बॅटरीकडे मन न्या. अशा कामात ती भराभर उतरते. तासन्‌तास घर हिंडवायला ती दिलेलीच नाही. साठवलेलं बळ मोजूनमापून वापरायचं, हे या गावाला टाटांच्या वीजघराने शिकवलं आहे. १९१५ पासून ते इथे चालतंय. वर लोणावळा, वळवण, शिरोटा इथे पावसाचं पाणी अडवायचं आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडायचं. वर दार किती उघडायचं यावर खाली चाक किती फिरणार ते ठरतं. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. ते पाणी खरं इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं. चाक फिरवून झाल्यावर ते पाताळगंगेत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. एका दाराच्या उघडझापीने पाण्याचा समुद्र बदलला. रिमोटचं बटण दाबताना तुम्ही करता ते जातीने याच कुळातलं: हलकं बोट, जड परिणाम, आणि दोघांमध्ये बरंच अंतर. हे अंतर विसरू नये म्हणून नजर सतत गाडीवर ठेवायची, रिमोटवर नाही.

आंबा आला. बांध आणि बुंधा यांच्यामध्ये हातभर मोकळीक दोन्ही बाजूंना दिसते. शेवटची वावभर जागा तुकड्यातुकड्याने घ्या. टेकवा, उचला. जा, चालत जाऊन पलीकडची बाजू पाहून या. परत या, रिमोटचं नाक पुन्हा जुळवा. टेकवा, उचला. दोन-तीन बोटं इकडे, दोन-तीन तिकडे. वर पाहा, फांदी छपराला लागते का. वर पाहायचं राहून जातं. बस.

आता थांबलेली गाडी सोडून जाण्याआधीचा क्रम. मनन इथे संपत आलं असं वाटून लोक ढिले होतात, आणि रोलर आधी काढतात. रोलर निघाला की उतारावरच्या घराला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तेव्हा हँडब्रेक आधी ओढा. चाकाला ठोकळा लावा. मग रोलर टायरपासून दूर करा. ते तसेच टेकलेले ठेवले तर टायरला खळगा पडतो. मग कोपऱ्यांचे टेकू खाली घ्या, त्यांच्यावर गाडीचा भार उचलू नका, ते नुसते डुलणं थांबवण्यासाठी आहेत. शेवटी बॅटरीची चावी बंद करून काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा, कारण शेतात मुलं असतात आणि रिमोट त्यांना खेळणंच वाटतो.